आणणार कशात?

भूशास्त्राच्या विद्यार्थ्याची सॅक सकाळी हलकी असते आणि संध्याकाळी जड. आमच्या खोलीतल्या बाकीच्या दोघींचं उलटं होतं. एक कायद्याची. ती सकाळी बेअर ॲक्टची चळत घेऊन निघायची आणि निम्मी मैत्रिणींना वाटून परत यायची. दुसरी एम.सी.ए.ची. तिच्याकडे एक दोनशे पानी वही, तीही गोल गुंडाळलेली, आणि गळ्यात दोरीला लटकवलेला पेन ड्राइव्ह. २००५ साल होतं, पेन ड्राइव्ह मिरवायची वस्तू होती. माझ्याही गळ्यात दोरी असायची, तिला दहापट मोठं दाखवणारं भिंग. काकू म्हणायच्या, "तुम्हा दोघींची मंगळसूत्रं झाली, आता त्या वकिलीणबाईंचं बघा."

काकू म्हणजे घरमालकीण. औंधला त्यांच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर आम्ही तिघी कॉट बेसिसवर राहत होतो. मी कराडची. बी.एस्सी. भूशास्त्रातच केलेलं, त्यामुळे विषय नवा नव्हता, पण तेव्हा घर जवळ होतं. काही राहिलं तर दुपारच्या सुट्टीत येऊन नेता यायचं. पुण्यात एम.एस्सी.ला आल्यावर सकाळी बाहेर पडलं की अंधार पडायच्या सुमाराला खोलीवर. मधल्या वेळात लागेल ते सगळं पाठीवर. शाळेत दप्तर वेळापत्रक बघून भरायचं असतं आणि वेळापत्रक खरं असतं. विद्यापीठात ते नोटीस बोर्डावर टाचलेलं असतं आणि त्यावर पेनाने खाडाखोड चालू असते. रात्री सॅक भरताना उद्या नक्की काय होणार याचा अंदाज बांधावा लागायचा.

रोज लागणारं सामान फार नव्हतं. लेक्चरच्या नोट्ससाठी एकच लाँगबुक, विषयवार वेगळ्या वह्या नाहीत. प्रॅक्टिकल बुक मात्र वेगळं. त्याचं एक पान कोरं आणि एक रेघांचं. कोऱ्या बाजूला पेन्सिलने आकृती, रेघांच्या बाजूला वर्णन. वर्षाच्या शेवटी त्यावर सर्टिफिकेटचं पान लावून सही घ्यायची असते, सही नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणून सॅकमध्ये सगळ्यात लाड त्याचे. तपकिरी कव्हर, त्यावर प्लास्टिक, आणि जागा पाठीला लागून. जून-जुलैत पुण्याच्या पावसात सॅकला बाहेरून कव्हर घालण्यापेक्षा आतच मोठी प्लास्टिकची पिशवी घालायची आणि सामान त्या पिशवीत भरायचं, हे मी अजूनही सांगते. बाहेरचं कव्हर पाठीच्या बाजूने उघडंच असतं आणि पाणी तिथूनच उतरतं. लाँगबुक भिजलं तर इस्त्री करून वाचता येतं. ग्राफ पेपर भिजला की त्याचे चौकोन चौकोन राहत नाहीत.

बाकीची खरेदी अप्पा बळवंत चौकात. टू-एच आणि एच-बी पेन्सिली, ट्रेसिंग पेपर, ग्राफ पेपर, बारा रंगीत पेन्सिलींचा डबा. रंगीत पेन्सिलींचं गणित आमच्याकडे वेगळं. भूशास्त्रीय नकाशात दख्खनचा बसाल्ट रूढीने हिरवा, गाळाची माती पिवळी, ग्रॅनाइट गुलाबी किंवा लाल. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग बसाल्टचा. त्यामुळे हिरवी पेन्सिल बोटभर उरायची तेव्हा लाल तशीच कोरी करकरीत. दुसरी संपायची ती करडी. सूक्ष्मदर्शकाखाली खडकाची चकती बघताना लागायची. ती चकती ०.०३ मिलिमीटर जाडीची असते, तेवढी घासली की काळा कुळकुळीत बसाल्टही प्रकाश आरपार सोडतो. त्यातलं प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज करड्या-काळ्या पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं आणि आपल्या बसाल्टमध्ये ते भरपूर. चकत्या विभागातच राहायच्या. सॅकमधून न्यायची ती प्लास्टिकची एक बांगडी. सूक्ष्मदर्शकातलं गोल दृश्य वहीत काढायला कर्कटकापेक्षा ती बरी, मधोमध भोक पडत नाही.

सगळ्यात त्रासाची वस्तू स्टिरिओनेट. अर्ध्या पृथ्वीगोलावरचे अक्षांश-रेखांश कागदावर सपाट केले तर जसं दिसेल तसं ते वर्तुळ असतं, वीस सेंटिमीटर व्यासाचं. खडकाचे थर कोणत्या दिशेला किती कललेत हे त्यावर मांडायचं. दुकानात ते मिळत नव्हतं, पुस्तकातून झेरॉक्स करून घ्यायचं. झेरॉक्सवाल्याच्या समोरच पट्टी काढून वर्तुळ आडवं आणि उभं मोजायचं, कारण यंत्राने एका बाजूला जरासं ताणलं तरी सगळी उत्तरं चुकतात. असं मोजणारं गिऱ्हाईक त्या दुकानदाराला बहुधा आवडत नसावं. मग ते पुठ्ठ्यावर डकवायचं, मागून बरोबर मध्यात टाचणी खुपसायची आणि वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्या टाचणीभोवती फिरवायचा. ही वर आलेली टाचणी सॅकमध्ये काय काय करू शकते याची कल्पना करा. खोडरबराचा तुकडा तिच्यावर खुपसून ठेवायचा हा आमच्या वर्गाचा नियम होता. तरी वर्गात अधूनमधून कुणीतरी पाठीला हात लावून ओरडायचं आणि बाकीचे न बघता म्हणायचे, "रबर पडलं."

चुंबक आणि क्लायनोमीटर एका कप्प्यात ठेवायचे नाहीत. क्लायनोमीटर म्हणजे थराचा कल मोजायचं साधन, त्यातच होकायंत्र असतं. शेजारी चुंबक रात्रभर पडून राहिला तर सुई बिघडते. चुंबक हवा कारण बसाल्टच्या चुऱ्यात मॅग्नेटाइट असतं आणि ते चिकटून दाखवलं की निदान एका खनिजाबद्दल वाद उरत नाही. म्हणून चुंबक कंपासपेटीत, क्लायनोमीटर विरुद्ध बाजूच्या कप्प्यात आणि हातोडा दोघांपासून लांब.

खनिजांची ओळख पटवायला जे लागायचं त्यातलं निम्मं भंगारातलं होतं. कस बघायला झिलई नसलेली पांढरी फरशी लागते. बांधकामावरून फुटक्या टाइलचा तुकडा उचलायचा, त्याची मागची बाजू खरखरीतच असते. काळपट दिसणारं हेमटाइट त्यावर घासलं की रेघ लाल उमटते. काठिण्य बघायला नख अडीच, तांब्याचं नाणं तीनच्या आसपास, चाकूचं पातं साडेपाच. नखाचा आणि चाकूचा प्रश्न नव्हता. नाणं मात्र मिळेना, कारण चालू नाण्यांत तांब्याचं नाणंच नव्हतं. शेवटी कराडला देवघराच्या खणातून आजीचा ढब्बू पैसा मागून आणला. आजीने दिला, पण "खर्चू नकोस" असं बजावून दिला.

आणि ॲसिड. कॅल्साइट ओळखायचं तर त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकतात, ते फसफसतं. आपल्या बसाल्टमधल्या पोकळ्यांत कॅल्साइट पुष्कळ सापडतं आणि नुसत्या डोळ्यांना ते बाकीच्या पांढऱ्या खनिजांसारखंच दिसतं. ॲसिड प्रयोगशाळेतले मामा द्यायचे. पुण्यात प्रयोगशाळेच्या मदतनिसाला मामाच म्हणतात, वयाचा संबंध नाही. डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन न्यायची. मामा ती भरायचे, कागदावर उलटी धरायचे आणि थेंब उतरला तर म्हणायचे, "दुसरी आण." बाटलीवरचं मूळ लेबल खरवडून मोठ्या अक्षरात 'ॲसिड' लिहिल्याशिवाय ते ती हातात देत नसत. डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीत ॲसिड ठेवण्याची ही पद्धत फार शहाणपणाची आहे असं मी आज म्हणणार नाही. बाटली बाहेरच्या जाळीच्या कप्प्यात, उभी. आमच्यातल्या एकाने ती आत आडवी टाकली होती. त्या दिवशी सॅकला काहीच झालेलं दिसलं नाही. काही दिवसांनी तळाचं सुती अस्तर बोट लावलं की फाटायला लागलं.

हे सगळं मिळूनही सॅक अर्धीच भरायची आणि तेच हवं होतं, हे मला मॅडमनी दाखवलं. आम्हाला फील्डला नेणाऱ्या मॅडम साठीच्या आसपासच्या, सुती साडी आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. शनिवारी सकाळी निघण्याआधी त्या विभागाच्या ओट्यावर प्रत्येकाची सॅक उचलून बघायच्या. आत बघायच्या नाहीत, नुसती उचलायच्या. जड लागली, फुगलेली दिसली, की एकच प्रश्न, "आणणार कशात?" मग ज्याचं त्याने ठरवायचं, काय काढून विभागात ठेवायचं ते. जाडजूड पुस्तकं तिथेच राहायची. एकाने क्रिश्नन यांचं 'जिऑलॉजी ऑफ इंडिया अँड बर्मा' आणलं होतं, ते त्याने काढताना मॅडम म्हणाल्या, "राहू दे इथे, डोंगरावर खरा भारत आहे." हे वाक्य त्या दरवर्षी म्हणत असाव्यात.

त्यांची स्वतःची सॅक मी एकदा उघडी पाहिली. घडी घातलेली जुनी वर्तमानपत्रं, कापडी रिकाम्या पिशव्या, मार्कर, चिकटपट्टी, छोटी फील्डबुक, पाणी, एका डब्यात दोन पोळ्या. तळाला रेक्झिनचा जाड तुकडा. बाकी सगळी हवा.

त्या हवेचा हिशोब असा. बसाल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. अभ्यासाला घ्यायचा तुकडा ताज्या फोडीचा लागतो, वरचा ऊन-पावसाने कुजलेला भाग हातोड्याने उडवून आतला. तो मुठीएवढा घेतला तरी पाऊण-एक किलोच्या घरात जातो. सकाळपासून चार-पाच ठिकाणी थांबलं की झालंच. त्यातल्या त्यात सोय म्हणजे दगड वाढत जातात तसं पाणी कमी होत जातं. दुपारनंतर डबा रिकामा. हा रिकामा डबा फार मोलाचा, कारण पोकळ्यांत सापडणारी झिओलाइटं त्यात ठेवता येतात. स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया इतक्या नाजूक की वर्तमानपत्रात गुंडाळल्या तर खोलीवर पोचेपर्यंत त्यांचं पीठ होतं. कापूस घालून डब्यात ठेवल्या तर जगतात. पुण्याच्या आसपासच्या खाणींतली ही खनिजं जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट तर त्यातला मानाचा. आमच्या नशिबी बहुतेक वेळा पांढऱ्या सुयाच आल्या. मेसवाल्या ताई सोमवारी डबा हुंगून बघायच्या आणि दोनदा धुवायच्या.

दगड सॅकमध्ये कसे लावायचे यातही पद्धत होती. आधी तुकड्यावर चिकटपट्टी लावून त्यावर नंबर, तोच नंबर फील्डबुकात जागेसह, मग वर्तमानपत्र, त्यावर पुन्हा नंबर. नंबर नसलेला दगड मॅडम हातातसुद्धा घेत नसत. कितीही सुंदर असला तरी रस्त्याच्या कडेला ठेवून द्यायला लावायच्या. सगळ्यात जड तुकडे पाठीला लागून आणि मधोमध, तळाशी नाही. तळाशी टाकले की पट्टे मागे खेचतात आणि चढावर माणूस मागे झुकतो. हातोडा दांडा वर करून, डोक्याला जुना मोजा घालून. तरी पट्ट्याची वरची शिवण उसवायचीच. बसस्टॉपजवळ चपला शिवणारे एक काका जाड दोऱ्याने ती शिवून द्यायचे. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "काय वाहता यातनं?" नंतर विचारायचं सोडलं.

नकाशाचंही सांगायला हवं. भारतीय सर्वेक्षणाचा पुण्याचा नकाशा ४७ एफ/१४. पन्नास हजारास एक प्रमाणाचा. तो पर्वतीच्या आसपास संपतो. कात्रज, सिंहगड खालच्या ४७ एफ/१५ मध्ये. म्हणजे दक्षिणेकडच्या कुठल्याही घाटात जायचं तर दोन नकाशे, आणि ते विभागात सही करून घ्यायचे व परत द्यायचे. घडी घालताना छापील बाजू बाहेर ठेवायची, म्हणजे लागेल तेवढाच भाग वर राहतो आणि वाऱ्यात अख्खं पान उलगडावं लागत नाही. घाटातल्या रस्त्याच्या कापात दोन लाव्हा थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा दिसला की त्याची जागा नकाशावर पेन्सिलने मारायची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एक लाव्हा थंड होऊन दुसरा यायच्या आधी मधे जो काळ गेला, त्यातली ती माती. पेन्सिल बोथट असेल तर नकाशावर तो पट्टा पन्नास मीटर रुंद होतो. म्हणून शार्पनर. शार्पनर हरवणाऱ्यांना मॅडम माफ करत नसत.

मुलींच्या सॅकमधला एक कप्पा कुठल्याही यादीत येत नाही, म्हणून लिहिते. पॅड, जास्तीची सलवार, काळी प्लास्टिकची पिशवी. डोंगरात आडोसा शोधायचा म्हणजे वेळ आणि सोबत दोन्ही लागतं, म्हणून आम्ही मुली पाणी कमी प्यायचो. मॅडमना ते माहीत होतं. दर तासाला त्या आमच्या बाटल्या उचलून बघायच्या आणि पातळी उतरली नसेल तर सगळ्यांसमोर काही न बोलता मुलांना पुढे पाठवायच्या. "तुम्ही पुढच्या वळणावर थर मोजा, आम्ही येतो." मुलांनी त्या दोन वर्षांत इतके थर मोजले की त्यांना तो अभ्यासक्रमाचाच भाग वाटत असावा.

हीच सॅक घेऊन एका संध्याकाळी फील्डवरून परस्पर सिनेमाला गेलो. दारात तपासणी होती. रखवालदार परभणीकडचा असावा, बोलण्यावरून वाटलं. त्याने चेन उघडली आणि थांबला.

"ताई, हे काय?"

"हातोडा."

"अन् हे?"

"दगड."

त्याने एक पुडकं सोडवून पाहिलं. खरंच दगड. मग दुसरं. "हे पण दगडच का?"

"हो."

"कायला?"

"अभ्यासाला."

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "आमच्या रानात लय हायती, येऊन न्या." एवढ्यात बाहेरच्या कप्प्यातली बाटली त्याला दिसली, तिच्यावर मामांनी लिहायला लावलेला मोठा शब्द दिसला, आणि मग साहेबांना बोलावणं आलं. साहेबांना मी विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं, फील्डबुक दाखवलं, भिंग दाखवलं. भिंगाने त्यांनी स्वतःचा अंगठा बघितला. शेवटी सॅक त्यांच्या टेबलाखाली ठेवून आम्हाला आत सोडलं. गाण्याचा पहिला प्रसंग तोवर होऊन गेला होता. बाहेर आलो तेव्हा एक पुडकं टेबलावर सोडवलेलं होतं आणि तो रखवालदार दुसऱ्या एकाला चमकणारा कण दाखवत होता. त्याला वाटलं सोनं असेल. मी सांगितलं, झिओलाइटचा स्फटिक आहे, उजेडात चमकतो. "मग ठीक," म्हणाला आणि नीट, मी बांधलं होतं त्याहून नीट, बांधून दिलं.

खोलीवर आल्यावर दगड कॉटखाली जायचे. काकू आधी काही बोलल्या नाहीत. झाडणारीने तक्रार केली तेव्हा वर आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, लोकांच्या पोरी पुण्यातून कपडे घेऊन जातात." मी त्यांना एक पोकळीतला गुलाबी स्टिल्बाइट दिला. तो त्यांनी हॉलमधल्या शोकेसमध्ये, नातवाच्या फोटोशेजारी मांडला आणि पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं नाव 'स्टील लाइट' असं सांगत राहिल्या. बाकीचे दगड वर्षाच्या शेवटी विभागाच्या ट्रेमध्ये गेले. आजीचा ढब्बू पैसा मी परत नेऊन दिला, एका कडेला ओरखडे पडलेला.

गेल्या जूनमध्ये भाचीने याच विषयाला प्रवेश घेतला. तिने फोनवर विचारलं, "मावशी, काय काय न्यायचं?" होकायंत्र, कल मोजायचं साधन, नकाशे, सगळं आता मोबाइलमध्ये येतं, हे तिने मलाच आधी सांगून टाकलं. येतं खरं. पण फोनमधलं होकायंत्रही चुंबकाशेजारी बिघडतंच, आणि पावसात ओल्या बोटांनी पडदा सरकत नाही, तेव्हा क्लायनोमीटर घे म्हटलं. भिंग दोरीसकट घे. जुनी वर्तमानपत्रं घरून ने, हॉस्टेलवर कुणी पेपर घेत नाही हल्ली. कापडी पिशव्या. पुरुषी बूट मिळाले तर तेच घे, टिकतात. डबा मोठा घे.

"डबा मोठा कशाला? मी एवढं जेवत नाही."

"घे तू."

"आणि हातोडा?"

"तो तिथे गेल्यावर घे, वर्गातले सगळे मिळून घेतात तेव्हा. आणि घेतल्या घेतल्या दांड्यावर नाव कोर. सगळ्यांचे सारखेच दिसतात, आणि दुसऱ्याचा हातोडा कुणी परत करत नाही."